सेतुरामअण्णांच्या पडद्यावरच्या पायऱ्या

आमच्या कुंभकोणच्या नाटक कंपनीत सेतुरामअण्णा पडदे रंगवायचे. घर गावातच, मेलकावेरीत. तंजावरच्या दरबारी चाकरीतले जुने घराणे. घरात आपली मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांचा धबधब्याचा पडदा खाली आला की टाळ्या पडत. लगेच मी डोंगरकन्येच्या वेषात, कमरेवर घागर घेऊन प्रवेश करी आणि त्या टाळ्यांना लवून नमस्कारही करी.

अण्णांनी धबधबा कधी पाहिला नव्हता. कावेरीकाठचा माणूस, पाणी म्हटले की घाट आलाच. म्हणून धबधब्याखालीही त्यांनी दगडी पायऱ्या काढल्या होत्या. कुंभकोणात ते कुणालाच खटकले नाही.

चोपन्न सालच्या आषाढात कंपनीचा मुक्काम तेनकाशीला पडला. कुट्रालमचा धबधबा तिथून जवळच. पडदे उलगडताना तिथला मांडववाला खो खो हसला. "आमच्या धबधब्याला पायऱ्या कुणी हो बांधल्या?"

अण्णांनी दोरी ओढून पडदा पुरता उलगडला. आमचे मालक चंद्रमौली म्हणाले, "हा पडदा इथे नको. लोक हसतील. जंगलाचा सोडू."

"हाच सोडायचा," अण्णा म्हणाले. "सकाळी बघून येतो. नटराजा, तूही चल. घागर मिरवतोस, पाणी कुठले ते तरी बघ."

कुट्रालमला अंगभर तेल चोळून घेऊन धारेखाली जायची रीत. आम्ही दोघे तेलाने चकचकीत झालो. धबधब्याचा आवाज ऐकून मात्र अण्णा मागे सरले.

"मी इथूनच बघतो."

"इथून तुम्हाला पायऱ्याच दिसतील. आत चला!"

आत गेलो. पाणी कसले, पाठीवर धोंडेच पडत होते. अण्णांनी खडक धरला. तेलकट हात सटकला. ते पडणार तोच शेजारच्या एका अनोळखी, पोट सुटलेल्या गृहस्थाने त्यांचा दंड पकडला. त्याचा दंड त्याच्यापलीकडच्याने पकडला होता. सगळी रांगच अशी एकमेकांना धरून उभी होती.

बाहेर आल्यावर अण्णा धापा टाकत म्हणाले, "पायऱ्या नाहीत रे. आणि पाणी निळेही नाही."

त्या दुपारी त्यांनी पायऱ्या पुसल्या, निळ्यावर पांढरा चढवला आणि धारेखाली हात धरलेल्या माणसांची रांग काढली. तेनकाशीच्या प्रयोगात पडदा आला तेव्हा टाळ्या कडाडल्या. मी सवयीप्रमाणे घागर घेऊन मध्येच शिरलो.

खरी फजिती झाली ती कुंभकोणला परतल्यावर. पडदा सुटला आणि पुढच्या चटईवरून कुणी तरी ओरडले, "अण्णा, पायऱ्या कुठे गेल्या? पोरगी उतरणार कशी?" सगळा मांडव हसला. चंद्रमौली पडदा वर घ्या म्हणून खुणा करू लागले.

तेवढ्यात रंगाने माखलेल्या धोतरातच अण्णा पडद्यापुढे येऊन उभे राहिले. पडद्यामागे सारा जन्म घालवलेला माणूस. दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले.

"तिथे पायऱ्या नाहीत," ते तमिळमध्ये म्हणाले. "मी पाण्यात उभा राहून आलोय. आता पुन्हा काढणार नाही."

"मग धरायचे तरी काय?"

"शेजारच्याला," अण्णा म्हणाले. मागे पडद्यावर रंगवलेल्या माणसांच्या रांगेकडे त्यांनी बोट दाखवले आणि आत निघून गेले.

टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत मी घागर घेऊन विंगेतच उभा राहिलो.