वामनरावांच्या दुःखाची वेळ

जानेफळच्या शिवारात सुखी माणूस दाखवा म्हटलं असतं, तर लोकांनी वामनरावांकडेच बोट दाखवलं असतं. पाच एकर काळी जमीन, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत साथ देणारी विहीर आणि बायको झुंबरबाई, जिच्यापुढे पोलीस पाटीलही आवाज खाली करून बोले. वामनरावांच्या खोकल्यापायी झुंबरबाईंनी त्यांची बिडी बंद केली होती. तेवढं सोडलं तर त्यांना कशाची वाण नव्हती.

खरं तर बिडी बंद झाली नव्हती, तिचा मुक्काम फक्त हलला होता. शेतातल्या फवारणीच्या औषधांच्या खोलीत, फळीवरच्या डब्यामागे बंडल असे. भाकर खाऊन झाली की वामनराव आधी विहिरीवरची मोटर बंद करत, कारण तिच्या आवाजात बायकोची चाहूल लागत नसे. मग फोन बंद करत, कारण ती "कुठं हाय?" विचारायची. मग खोलीचं दार उघडून आत जात आणि झुरका मारून तरतरीत होऊन बाहेर येत.

आदल्या हंगामात गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली होती. अळी लागणारच नाही म्हणून घेतलेलं बियाणं ते. सगळ्या मुलखाचं तोंड उतरलं होतं. तेव्हा शेतकऱ्याच्या मनाची काळजी वाहणारी एक संस्था गावात आली. तिनं मोटरीला निरोप धाडणारी पेटी लावली, औषधाच्या खोलीच्या दाराला लावली, फोनमध्ये ॲप टाकलं. संस्थेच्या माणसानं बरंच समजावून सांगितलं, पण वामनरावांनी "मोटर चोरीले जाणार नाई" एवढंच ऐकलं आणि सही केली.

मोटर, दार, फोन, काहीही हललं की संस्थेच्या बुलडाण्याच्या ऑफिसात निरोप जाई. प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का. तिथल्या संगणकात नियम भरून ठेवले होते. त्यातला एक असा: मोटर बंद झाली, पाठोपाठ फोन बंद झाला आणि औषधाच्या खोलीचं दार उघडलं, तर माणूस संकटात आहे, ताबडतोब गाडी पाठवा.

पेट्या बसल्यावर पहिल्याच दुपारी गाडी आली. मेहकरहून नाजिश नावाची समुपदेशक मुलगी आली, सोबत नर्स आली. गाडी पाहून झुंबरबाईही धावत आल्या. नर्सनं त्यांना औषधाच्या खोलीच्या दाराचा निरोप सांगितला. तोवर वामनराव बांधावर बडीशेप चघळत बसले होते.

"काका, मन कसं आहे?" नाजिशनं हळूच विचारलं.

"बेस हाय."

"आतून दुखणारा माणूस असंच म्हणतो, काका."

"मंग भरदुपारी त्या खोलीत काऊन गेले होते?" झुंबरबाईंनी विचारलं.

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. एका बाजूला बिडी होती, दुसऱ्या बाजूला दुःख. त्यांनी दुःख कबूल केलं.

"आतून लय उदास वाटून राह्यलं," ते म्हणाले.

झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला विचारून भाजी केली. रात्री गुळाचा शिरा झाला. गावात लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले, पारावर बसायला जागा देऊ लागले. आठवड्यातून एकदा नाजिश येई आणि वामनराव नेमानं उदास होत. दुपारची बिडी मात्र चालूच होती. ऑफिसनं दर वेळी गाडी धाडायचं सोडून नाजिशच्या फेरीवर भागवलं होतं.

मग टॉवरची बॅटरी चोरीला गेली. काही दिवस गावात नेटवर्कच नव्हतं. पेट्यांनी सगळे निरोप पोटात धरून ठेवले आणि बॅटरी बसली त्या संध्याकाळी एकदम ओकले. शिक्के ज्या त्या दिवसाचे होते, पण संगणक शिक्का पाहतच नव्हता. निरोप पोचला तीच त्याची वेळ, असं तो धरून चालला होता. त्याच्या हिशेबानं वामनराव एका मिनिटात पुन्हा पुन्हा त्याच खोलीत शिरत होते. नियमाला असं महासंकट कधी भेटलंच नव्हतं.

त्या वेळी वामनराव गावातल्या भाऊरावच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वांग्याची भाजी वाढत होते. दोन जीपा आणि एक रुग्णवाहिका थेट मांडवापाशी थांबल्या. बँड बंद पडला. हातातल्या पळीसकट त्यांना उचलून खाटेवर आडवं केलं आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. नवरीनं सासरच्या वाटेला लागण्याआधीच रडून घेतलं. नवरदेवाचा मामा म्हणाला, "भाजी तं खाल्ली आपण साऱ्याईनं."

पुढच्या दिवशी ऑफिसातून सकलैन आला. संगणकाचे नियम लिहिणारा तोच. त्यानं सगळे निरोप शिक्क्याप्रमाणे लावले आणि अंगणात नाजिश-झुंबरबाईंसमोर वाचून दाखवले.

"रोज जेवण झालं की मोटर बंद, फोन बंद, दार उघडं. थोड्या वेळानं दार बंद, फोन चालू, मोटर चालू. एक दिवस खाडा नाही."

"होळीच्या दिवशी?" झुंबरबाईंनी विचारलं.

"होळीला दोनदा."

झुंबरबाई उठल्या, शेतात गेल्या, परत आल्या आणि बिडीचं बंडल सकलैनच्या लॅपटॉपवर ठेवलं. "हे घ्या तुमचं संकट."

सकलैननं वेळेचा घोळ निस्तरला आणि जाताना एक नवा नियम घातला: वामनराव, जानेफळ, यांच्याकडे लक्ष देऊ नये.

दिवाळीच्या सुमारास वामनरावांनी एक बोंड फोडलं. आत अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. सगळ्या वावराची तीच गत. ते बांधावर जाऊन बसले. बराच वेळ बसून राहिल्यावर त्यांनी मोटर बंद केली, फोन बंद केला, औषधाच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि पुन्हा बांधावर येऊन रस्त्याकडे पाहत बसले. गाडी काही आली नाही. आधी त्यांना राग आला, मग अपमान वाटला. शेवटी त्यांनी फोन चालू करून नाजिशला लावला.

"मॅडम, आज खरंच वाईट वाटून राह्यलं."

नाजिशनं विचारलं, "काका, बिडी..."

"नाई हो. कपाशी गेली."

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. ऑफिसची गाडी नियमाशिवाय निघत नव्हती. वामनराव दुपारभर बोलले. बियाण्याबद्दल, बापाच्या गावरान कपाशीबद्दल, पेरताना केलेल्या मनसुब्यांबद्दल. मध्येच झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मले काऊन नाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुले खरं वाटलं असतं का?"

 ऊन उतरल्यावर झुंबरबाई विळा घेऊन कपाशीची पऱ्हाटी कापायला शिरल्या. वामनराव मागोमाग गेले. त्या वावरात त्यांनी हरभरा पेरला, आणि तो बरा आला.