ताईने न लावलेली आग

आमची ताई लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. तिने इस्त्री केलेला शर्ट घालून माणूस दिवसभर लोळला तरी घडी मोडणार नाही, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "पुरे गं, हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस." त्या लाँड्रीत प्रत्येकीची इस्त्री ठरलेली. मुठीला आपापली चिंधी बांधायची आणि दुसरीच्या इस्त्रीला हात म्हणून लावायचा नाही.

एका संध्याकाळी लाँड्री बंद झाल्यावर इस्त्रीच्या खोलीत आग लागली. कोणी दगावलं नाही, पण टेबलं, पडदे, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळ्याचा कोळसा झाला. सगळ्यात शेवटी बाहेर पडली होती ती ताई.

मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला ताई पुरून उरते. पण हा माणूस गोडबोल्या. रोज बोलावून घ्यायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "ताई, तुमच्यावर आळ घेत नाहीये मी. नुसतं आठवून बघा. लेकीचा फोन आला, तुम्ही घाईत निघालात. तेव्हा इस्त्रीचा लाल दिवा चालू होता का?"

"नाही हो, मला तसलं काही आठवत नाही."

"सावकाश आठवा. डोळे मिटा. दिसतोय का दिवा?"

अरे, एखादीला रोज डोळे मिटायला लावून दिवा दाखवलास तर तो दिसणार नाही तर काय होईल! सुरुवातीला ताई घरी येऊन चिडायची. मग म्हणायला लागली, "असेलही बाई, घाईत होते खरी." आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता हातातली जुडी तिने खाली ठेवली. "मला आठवलं," म्हणाली. "दारातून मागे वळून पाहिलं मी. दिवा लाल होता. तरी तशीच निघून आले." आणि ढसाढसा रडली.

मी तिला गदागदा हलवलं. "अगं, हे तुझं नाही, त्या माणसाचं बोलणं आहे!" पण ऐकेल तर शपथ. दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर हात जोडून कबुली दिली. मग काय, बाकीच्या बायकांनाही आठवायला लागलं. एकीला ताई धावत जाताना दिसली होती, दुसरीला म्हणे करपल्याचा वाससुद्धा आला होता. मग तेव्हा का मूग गिळून बसलीस, असं मी विचारलं तर इकडेतिकडे बघायला लागली. ताईचं काम गेलं. घरातही ती इस्त्रीच्या बटणाला हात लावेना, लेकीचा गणवेश मीच इस्त्री करून द्यायचे.

आणि एक दिवस दुरुस्तीवाला दारात उभा. पिशवीतून इस्त्री काढून म्हणाला, "ताई, ही कधीची पडून आहे दुकानात. आगीच्या आदल्या दिवशी तुम्हीच देऊन गेलात ना?"

मुठीला ताईचीच चिंधी. म्हणजे आगीच्या दिवशी ताई नुसत्या चादरींच्या घड्या घालत असणार. तिची इस्त्री लाँड्रीत नव्हतीच!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला हाताला धरून नेलं आणि इस्त्री मालकाच्या टेबलावर आदळली. दुरुस्तीवाल्याचं बोलणं ऐकवलं तसा त्याचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "मी कुठे म्हणालो ताईंनीच आग लावली म्हणून? मी आपला नुसतं विचारत होतो. वायरमन तेव्हाच म्हणाला होता, भिंतीतली वायर जुनी झाली होती. झालं गेलं विसरा. ताई, उद्यापासून या कामावर."

वायरमनने तेव्हाच सांगितलं होतं, आणि हा माणूस माझ्या बहिणीला चहा पाजून डोळे मिटायला लावत होता! लाज कशी वाटली नाही? मी तोंड उघडणार, एवढ्यात ताईने इस्त्री जवळ ओढली. चिंधीवरून बोट फिरवलं.

"माझीच आहे," ती म्हणाली. "पण दिवा मी पाहिलाय गं."

मग मालकासमोर तिने पुन्हा हात जोडले. "नको साहेब. परत माझ्या हातून आग लागली तर?"