माहेरचं तूप

दुसऱ्या बाळंतपणाला मला माहेरी धाडलं नाही. उसाची तोडणी सुरू होती, घरात राबायला माणूस हवं होतं. म्हणून आईनं कोरेगावहून डबाभर साजूक तूप पाठवलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो डबा आपल्या कपाटात ठेवला. रोज माझ्यासमोर ते तूप भातावर ओतून घ्यायचे. मी बाळाला पाजत कोरडी भाकरी मोडायची. नवरा फौजेत, सासूबाई शब्द काढायच्या नाहीत. बघून घेईन, एवढंच मी मनाशी म्हटलं.

काही वर्षांनी मळ्यात मामंजींच्या छातीत कळ आली. मिरजेला नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल फार वाढलंय." शब्द आम्हाला नवा. त्यांनी समजावलं, "थोडं शरीराला हवंच असतं, ते शरीर स्वतःच बनवतं. जास्त झालं की रक्तवाहिन्यांना आतून थर धरतो, हृदयाकडं रक्त नीट जात नाही. तूप, लोणी, मटणाची चरबी बंद. डाळी, भाज्या खा. विडी सोडा, रोज चाला. स्वयंपाक कोण करतं?"

"मी," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

घरी आल्या आल्या तुपाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. मामंजींच्या ताटात करडईच्या तेलाची भाजी, साय काढलेलं दूध, बिनतुपाचा वरणभात.

"पोरी, चमचाभर तरी वाढ. जीभ मेली माझी."

"न्हाई मामंजी. डॉक्टरांनी सांगितलंय."

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या भातावर तूप ओतायची.

होळीला सासूबाई कळवळल्या. "आगं, सण हाय. त्यास्नी दे की वाईच."

मी तुपाची वाटी सासूबाईंच्याच पोळीवर रिकामी केली. त्या दचकल्या, मामंजींकडं बघितलं. मग खाली मान घालून सगळी पोळी खाल्ली.

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल उतरलं होतं. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. गाव म्हणालं, सून असावी तर अशी. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

मामंजींना मात्र कळत होतं. एकदा ओसरीवर म्हणाले, "तू माझ्यावर डूख धरलायस."

"व्हय," मी म्हटलं आणि त्यांच्या चपला पुढं सरकवल्या. "उठा, फिरायला जायची येळ झाली."