अर्ध्या मैदानाचे घुगे सर

विलास घुगे गेल्याचे त्याच्या विद्यार्थिनीने कळवले. सुषमाचा फोन सकाळी आला. "काका, सर गेले," असे सांगून ती पुढे म्हणाली, "दुसऱ्या खांबाचा खड्डा खांदायचा राहिलाच." निधनाच्या बातमीत हे वाक्य कुठे बसत नव्हते. ते समजायला विलासची शाळा माहीत असावी लागते.

परभणीत आम्ही एकाच वर्गात होतो. पुढे मी वर्तमानपत्रात आलो आणि तो पेडगावच्या पलीकडच्या एका गावात क्रीडाशिक्षक झाला. त्या गावात मुले क्रिकेट खेळत आणि मुली तुरीच्या रानात गेलेला बॉल शोधून आणत. विलासने बास्केटबॉल निवडला तो एवढ्यासाठीच. या खेळात बॉल मुलींच्या हातात राहतो, असे तो म्हणायचा. पालकांना ते पटवणे सोपे नव्हते. "सर, आमच्या पोरी वीतभर, अन् तुमची रिंग आभाळात. शिडी देणार का संगट?" असे सुषमाच्या वडिलांनी भर सभेत विचारले होते आणि सभा हसली होती. विलासने रिंग खाली घेतली. पोरी वाढतील तशी ती वर सरकवता यावी म्हणून खांबाला ठिकठिकाणी भोके पाडून घेतली. पहिल्या वर्षी चार-दोन मुली आल्या. पुढे वाडीवरच्या आणि बौद्धवाड्यातल्याही येऊ लागल्या, आणि शाळा सुटल्यावर मैदानावर बॉलचा आवाज रोजचा झाला.

मैदान म्हणजे शाळेपुढचा काँक्रीटचा चौकोन. गावात कडक, स्वच्छ अशी जागा तेवढीच. त्यामुळे आधी सोयाबीन, मग तूर, मग हरभरा, सगळे तिथेच वाळायला पडे. विलासने गावाशी तडजोड केली: मध्ये चुन्याची रेघ, अलीकडे पोरी, पलीकडे धान्य. पलीकडच्या टोकाला दुसरी रिंग हवी, हे मात्र तो दरवर्षी मागत राहिला. सरपंचांचे उत्तर ठरलेले असे. "पोरी खेळायल्यात, आमी कधी न्हाई म्हणालोत का, सर? पर तिथं खांब रोवल्यावर ट्रॅक्टर कुठून घालायचा? तुमच्या रिंगमधून?"

मग खेळ एका रिंगवरच बसवला गेला. बॉल हिसकावला की तो रेघेपर्यंत बाहेर न्यायचा, वळायचे आणि त्याच रिंगवर चढाई करायची. मुली हे डोळे मिटूनही करू शकत.

जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांचा पहिलाच सामना अटीतटीचा झाला. मी प्रेक्षकांत होतो. शेवटच्या क्षणांत संघ एका गुणाने मागे होता. सुषमाने आपल्या रिंगखाली उडालेला बॉल पकडला, रेघेपर्यंत नेला, वळली आणि त्याच रिंगमध्ये अचूक टाकला. ती रिंग तिच्याच संघाने राखायची होती. गुण समोरच्यांना मिळाले. ती दोन्ही हात वर करून उभी होती आणि मैदान हसत होते. "घुगे सर, नेम लय भारी हाय पोरीचा," दुसऱ्या शाळेचा शिक्षक ओरडला, "फक्त शाळा कोणती ते सांगा तिला!" विलास तिच्याजवळ गेला. "तुझं नाही चुकलं," तो म्हणाला. "मी तुला एकच बाजू दाखवली."

हसण्याची बातमी संघाच्या आधी गावात पोचली. हसे करून घ्यायला पोरी पाठवायच्या का, असे म्हणत पालकांनी मुली काढून घेतल्या. जत्रेत, पिठाच्या गिरणीवर तोच विषय. सुषमा येत राहिली, इतर थोड्याच. दोन्ही टोकांना रिंग असल्याशिवाय या पोरी परत येणार नाहीत, हे विलासने धरून ठेवले होते. दुसऱ्या रिंगला पुरेल एवढा लोखंडी पाइपही त्याने आणून ठेवला होता.

त्याच सुमारास त्याच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसहून परतला की तो थेट सरपंचांच्या दारात जाऊन बसे. सुजलेले पाय, हाताला पट्टी. अखेर सरपंचांनाच ते बघवेना. "रोवा सर, सोयाबीन उचललं की रोवा," ते म्हणाले. आमची शेवटची भेट त्यानंतरची. दवाखान्यात तो तब्येतीविषयी काही बोलला नाही. यंदा पाऊस लांबलाय, सोयाबीन उशिरा निघणार, एवढेच म्हणाला... सोयाबीन शेतात उभे असतानाच तो गेला.

काही आठवड्यांनी गावाने शब्द पाळला. दुसरी रिंग उभी राहिली. ट्रॅक्टरसाठी कुंपण तोडून वेगळी वाट केली. सरपंचांनी स्वतः फोन करून बोलावले, म्हणून गेलो. दोन्ही रिंगांखाली झाडून घेतले होते. मुलीही आल्या होत्या, काढून घेतलेल्यासुद्धा. त्या कडेला ओळीने बसल्या होत्या. खेळत कोणी नव्हते. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती, ती भरली जाईल असे कोणी सांगत नव्हते.

"बॉल?" मी सुषमाला विचारले.

तिने कार्यालयात नेले. काँक्रीटवर घासून घासून बाकीचे बॉल संपले होते. उरलेला एक विलासच्या फोटोपुढे पाटावर ठेवला होता. त्याला हळद-कुंकू लावलेले, वर झेंडूचा हार. मुख्याध्यापक म्हणाले, "सरांची निशाणी आहे ती. गावानं पूजा केलीय. पोरांच्या हातात कशी द्यायची?"

 सुषमाने हार थोडा बाजूला सारला आणि अंगठ्याने बॉल दाबला. खळगा पडला, आणि अंगठा काढल्यावरही तसाच राहिला.