नारबाकाकांच्या हातची पेटी

नारबाकाकांच्या पोटात चांगली बातमी टिकत नसे. कुठेही काही गोड घडलं की कमरेचा रुमाल सावरत, अधू पाय ओढत ते रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून आमच्या वाडीपर्यंत ओरडतच येत, "आयकलास का गो?" मी मॅट्रिक पास झाल्याचं मला कळलं तेव्हा बाजारातली मासळीवाली मला पेढे मागत होती. काका माझ्या आधी तिच्यापर्यंत पोचले होते.

तरुणपणी ते गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. वादळात डोलकाठी मोडून पायावर पडली आणि समुद्र सुटला. मग ते किनाऱ्यावर बसून इतरांच्या होड्यांची शिडं शिवत. माझे वडील नारळी-पोफळीची वाडी राखायचे. दोघांची दोस्ती जुनी, त्यामुळे मी त्यांच्याही घरची लेक.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुंबईत प्रसूतीचं शिक्षण घेऊन मी गावातल्याच दवाखान्यात रुजू झाले. कात्री, चिमटे, रबरी नळी, कापूस असं सगळं सामान मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरोघर जाई. खाऱ्या हवेनं डबा गंजला, झाकण नीट बसेना. एकदा काकांनी मला वाटेत अडवलं.

"पोर आनायला चाललीस का बिस्कुटं इकायला?"

मी हसले. ते मात्र हसले नाहीत. डबा उघडून बघितला, झाकणाचा गंज बोटावर घेतला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काका दारात हजर. "कात्री दे. मिशी कापायचीय." संध्याकाळी कात्री परत आली, मिशी होती तशीच. मग चिमटा मागितला, पायात काटा रुतला म्हणून. मग रबरी नळी. तिच्यासाठी मात्र त्यांना कारण सुचेना. "मना बघायचीय," म्हणाले आणि लाजले.

काका माझ्यासाठी चामड्याची पेटी शिवत होते. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांना त्यांनी स्वतःच सांगितली होती. शाळेतली पोरं मला विचारत, "ताई, पेटी मिळाली?" आणि मी "कसली पेटी?" म्हणून साळसूद चेहरा करी. कातडं शिवणं शिकायला काका अलिबागला जाऊन तिथल्या चांभाराच्या दुकानात बसत. कोळीवाड्यात कुणी नाक मुरडलं, तर म्हणत, "शिडाला सुई चालते, कातड्याला चालली तर कुनाचं काय गेलं?" पहिली पेटी बिघडली, कात्री तिच्यात आडवी मावेना. त्यांनी ती उसवली आणि पुन्हा नव्यानं बेतली.

शेवटी पेटी आली. तपकिरी, जाड कातड्याची, कडेनं दुहेरी टाके, आत प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा, खांद्याला अडकवायला पट्टा. झाकण पार खालपर्यंत उतरणारं. सगळ्या शिवणीत मेण भरलेलं. मी ती छातीशी धरली. काका नुसते येरझाऱ्या घालत होते. "उघड! आता मिट! आता परत उघड!"

त्याच आठवड्यात भर दुपारी खाडीपलीकडच्या साळावहून महादू नावाचा तरुण धावत आला. बायको अडली होती, मूल पायाकडून येत होतं. मी होडीत चढले, तर काका आधीच आत बसलेले. पेटी कामाला निघाली आणि ते घरी थांबतील, हे शक्यच नव्हतं.

ओहोटी जोरात होती. पलीकडचा काठ जवळ आला आणि होडी पाण्याखालच्या खुंटावर आपटून कलंडली. आम्ही सगळे पाण्यात. पाणी माझ्या छातीपर्यंतच होतं, पण पट्टा खांद्यावरून निसटला आणि पेटी धारेबरोबर समुद्राकडे निघाली.

"पेटी!" मी किंचाळले.

"तू जा! बाई बघ!" काका ओरडले आणि त्यांनी सूर मारला. पाण्यात त्यांचा पाय अधू नव्हता. मी चिखल तुडवत महादूच्या झोपडीकडे पळाले. हात धुऊन होतात न होतात तोच काका दारात आले, नखशिखान्त भिजलेले, पेटी डोक्यावर. मी झाकण उघडलं. कापूस कोरडा होता!

मूल बाहेर आलं ते निळसर, गप्प. नळीनं मी त्याचा घसा मोकळा केला, पाठ चोळली, पुन्हा चोळली. आणि मग ते असं काही रडलं, की बाहेर महादूनं आरोळीच ठोकली. मी बाहेर आले. साऱ्या गावाला बातम्या सांगणारे नारबाकाका अंगणात बसले होते आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.

"मुलगी झाली, काका."

त्यांनी नुसती मान हलवली, कितीतरी वेळ.

पुढे माझी श्रीवर्धनला बदली झाली. नवी सरकारी पेटी मिळाली, ती मी कपाटात ठेवली. काका आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला रेवदंड्याला गेले. ते बाजेवर होते, अगदी वाळलेले. माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "पट्टा उसवलाय. सुई आन."

त्यांना सुईत दोरा ओवता आला नाही. मग त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. त्यांच्यादेखत मी मेणाचा दोरा घेऊन टाके घातले. एक सैल पडला, तो त्यांनी उसवायला लावला. संपल्यावर त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"जमला गो तुना," म्हणाले. "आता कवापन उसवला तरी नारब्याला शोधू नको."

तो आठवडा संपायच्या आत ते गेले. पट्टा त्यानंतर पुष्कळदा उसवला. मी तो दुसऱ्या कुणाला शिवू दिला नाही.