ऊन उतरण्याची वाट न बघता: लातूरहून आईला घेऊन समुद्रावर

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. हिमायतनगर-नांदेड करण्यात जन्म गेला, पण समुद्र काही बघितला नाही. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी मोडायचं. मे महिन्यात म्हणायचे, "जरा ऊन उतरू दे." पावसाळ्यात, "जरा उघडू दे." थंडीत आईचा दमा. अण्णा गेले तेव्हा आई बाकी काही नाही, एवढंच बोलली, "समुद्र राहिला की हो तुमचा." म्हणून या मे महिन्याच्या शेवटी मी आणि बायको वैशालीने लातूरहून गाडी काढली. आईला समुद्राच्या पाण्यात उभं करायचं, बस्स.

रस्ता सोपा आहे. तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून खाली रत्नागिरी. सोलापूरपर्यंत सकाळी लवकर गाठा, नंतर गाडीत भट्टी लागते. जेवणाला आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे ढाब्यावर फक्त चहा. गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावात घरगुती खोली मिळाली. गर्दीचा हंगाम, खोली आधी सांगूनच ठेवा.

पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. मोबाईलवर तापमान बघितलं तर तेहतीस! मला हसूच फुटलं. आमच्याकडे तेहतीसला लोक पंखा बारीक करतात. मालकीणबाई सोलकढीचे पेले पुढे करत म्हणाल्या, "आत्ता वाळूवर जाऊ नका हो. आमच्याकडचं ऊन वेगळं. सगळे पाचनंतर जातात."

"आवो बाई, आम्ही लातूरचे," मी ऐटीत म्हणालो. आईने डोक्याला रुमाल बांधला, ऊन लागू नये म्हणून कनवटीला कांदा खोचला आणि निघाली. बेचाळीस डिग्रीत बाजार करणारी बाई ती, तिला कसली भीती?

किनारा मोकळा होता. दोन कुत्री सावलीला पडलेली, भेळवाला गाडीखाली झोपलेला. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. लातूरच्या उन्हात घाम आल्याआल्या वाळतो. इथे तो वाळेचना, नुसता निथळत राहिला. पाणी अजून लांब होतं आणि आई मटकन वाळूत बसली. तोंड पांढरंफटक.

"काय होतंय?"

"काय न्हाई. जीव घाबरून राहिला."

वैशालीने आणि मी तिला उचलून खोलीवर आणलं. मालकीणबाईंनी मीठ घालून कोकम सरबत पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. तासाभराने रंग परत आला. "सांगितलं होतं ना," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, याचे आभार.

पाचला ऊन कललं आणि जत्रा भरल्यासारखी माणसं किनाऱ्यावर उतरली. खोलीच्या ओट्यावरून सगळं दिसायचं. आई चपला घालायला लागली, मी अडवली. "आज नको. उद्या सकाळी जाऊ." ती फुगून भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी आभाळ भरून आलं होतं. वारा असा की नारळाच्या झावळ्या एकमेकींना झोडपत होत्या. दुपारनंतर वादळी पाऊस, असा इशारा मोबाईलवर आला होता. अंगणातल्या गाड्या एकेक करून निघाल्या. एक पाहुणे मालकीणबाईंना विचारत होते, "ऊन कधी पडेल?"

आईला हसू आवरेना. "ऊन मागून राहिले लोकं! लातूरहून पोतं भरून धाडते म्हणावं." मग आभाळाकडे बघून म्हणाली, "आपल्याकडं आभाळ आलं की मान्सं घराभाईर येतेत. इथं पळून राहिलेत."

किनाऱ्यावर लाल झेंडा लागलेला. भेळवाल्याने ताडपत्री बांधून टाकली होती. लाटा मातकट आणि मोठ्या. जीवरक्षकाने शिट्टी वाजवून सांगितलं, "पाण्यात कुणीही जायचं नाही."

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. कालचा धसका होताच. म्हणालो, "चल आई. दिवाळीनंतर येऊ. जरा हवा चांगली होऊ दे."

ती थांबली. "तू हुबेहूब अण्णासारखा बोलून राहिला बघ."

वैशालीच पुढे गेली आणि जीवरक्षकाला अण्णांचं सगळं सांगितलं. त्याने एकदा लाटांकडे पाहिलं, एकदा आईकडे. "आजी, तुम्ही पाण्यात नाही जायचं. लाट संपते तिथे ओल्या वाळूत उभं राहायचं. तिलाच येऊ दे. हात मात्र सोडायचा नाही."

एक हात त्याने धरला, एक मी. दोन लाटा अलीकडेच विरल्या. तिसरी फेस घेऊन आली, घोट्यापर्यंत चढली आणि पायाखालची वाळू ओढत मागे गेली. आईने माझा हात करकचून धरला. "बघा वो," ती मोठ्याने म्हणाली, "आले मी!" आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. मग जीवरक्षकाने आम्हाला मागे घेतलं. दुपारच्या आत आम्ही घाट चढलो होतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: कोकणात तापमानाचा आकडा बघून फुशारकी मारू नका, दुपारी सावलीत बसा, लाल झेंडा दिसला तर वाद घालू नका. आणि म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर मे महिना टाळा, असं लिहिणार होतो. पण नाही लिहीत.

घरी आलो तर लातूर तापलेलंच. चार दिवसांनी आई सकाळीच पिशवी भरून दारात उभी. हिमायतनगरच्या मावशीला भेटायचं म्हणाली, मावशी आजारी आहे. "जरा ऊन उतरू दे," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. अण्णांचं वाक्य, अण्णांच्याच आवाजात.

गिळलं. म्हणालो, "पाण्याच्या बाटल्या भर. ऊन चढायच्या आत नांदेड गाठू."

"भरल्यात कवाच," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसलीसुद्धा.