भंगारात गेलेल्या गाडीचा आवाज

थोरल्या भावानं जुनी मोटारसायकल भंगारात घातली आणि विजेवरची स्कूटर आणली, तेव्हा म्हशीचा विचार कुणीच केला नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कसबा बावड्यात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि मालकानं सायलेन्सर काढलेली गाडी पुढं दामटायची. आवाज ओळखून म्हैस मागं पळते. यंदा सरावाला भावानं स्कूटर नेली, तर आमचीनं मानसुद्धा वर केली नाही. सगळ्या गल्लीसमोर तिनं ओळख दाखवली नाही तर काय, या काळजीनं भावाचं जेवण कमी झालं. आमच्या घरात ही फार गंभीर गोष्ट.

मी पन्नाशीत सिंथेसायझर, म्हणजे हवे ते आवाज काढणारी विजेची पेटी, घेतलेला माणूस. बायको त्यावर घडी केलेले कपडे ठेवते. पण त्यात चार कोपऱ्यांत चार आवाज ठेवता येतात आणि जॉयस्टिकची दांडी ज्या कोपऱ्याकडे झुकवावी तो आवाज वर येतो. जुन्या गाडीचा आवाज जुळवायला मी एकीकडे ढोलाचा ठोका, दुसरीकडे घरघर, तिसरीकडे पत्रा, चौथीकडे वाफेची फुस्स ठेवली, दांडी बरोबर मधे आणली आणि ऐटीत गोठ्यात वाजवलं. म्हैस रवंथ करत राहिली.

"ही शोरूममधली गाडी हाय," भाऊ म्हणाला. "माझी कुठं अशी एकसारखी वाजायची?"

मग कशी, विचारलं तर त्यानं तोंडानं करून दाखवलं. आधी खोकल्याची फुस्स, मग पत्र्याचा थरथराट, मग घसा घरघरून मोकळा, आणि शेवटी भडाभडा ठोके. म्हशीचे कान उभे राहिले. पण तोंडानं वाजवत गल्लीभर जायला त्याचा दम पुरला नसता. म्हणून मी त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं आणि त्याच्या ओठांबरोबर दांडी फिरवत गेलो. सिंथमधली मिक्सर एन्व्हलप नावाची सोय हे फिरणं लक्षात ठेवते; पट्टी दाबली की चारही आवाज त्याच क्रमानं चढतात, उतरतात. भावाचे ओठ सुजले, वहिनीनं आम्हा दोघांना वेड्यात काढलं, पण म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली.

पाडव्याला भाऊ स्कूटर चालवतोय आणि मी मागं उलटा बसलोय, मांडीवर सिंथ, गळ्यात बॅटरीवरचा स्पीकर. पट्टी दाबली आणि म्हैस निघाली ती थेट माझ्या अंगावर. एका हातानं मी स्कूटर घट्ट धरली. दुसऱ्या हाताचं बोट भीतीनं पट्टीवरच चिकटलं, तेवढं बरं झालं.

"येतीया का रं?" भावाला मागं बघायचं धाडस होईना.

"गुडघ्यापर्यंत आलीया, दादा. तू तेवढं हळू नको करू."

चौकात थांबलो. मी आवाज बंद केला. ती मला ओलांडून पुढं गेली आणि भावाच्या मानेवर फुरफुरली. कुणीतरी पावणा विचारत होता, कुठल्या गाडीचा म्हणायचा हा आवाज?

"माझ्याच की," भाऊ म्हणाला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. मला खाली उतरायला हात द्यायचं मात्र त्याला सुचलं नाही.